दोन आमगाववाल्या

गुलाबचंद पटले माणूस वाईट नाही हो. कुडव्यात त्याची मुरमुऱ्याची भट्टी, धुरानं काळवंडलेली पण चांगली चालती. फक्त सरकारचं नाव काढलं की तो भट्टीमागं सटकायचा. मागच्या वर्षी पुतण्या ओमेशनं त्याला समजावलं, की दहा कामगार झाले म्हणजे त्यांचा आरोग्य विमा लागतोच. आता सरकार सवलत देऊन राहिलं, स्वतःहून नोंदणी करा, मागचं काही विचारत नाही. सरकार अन् विचारत नाही? गुलाबचंदच्या डोक्यात हे काही शिरेना. तरी त्यानं नावं दिली.

नावं कसली, गावंच ती. सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारायची, ही आपल्याकडची रीत. भट्टीवर कोहमारावाली, तिरोडावाली, आमगाववाली. हा एकेक सांगत गेला, ओमेश त्या त्या बाईचं आधार कार्ड मागवून मोबाईलवर भरत गेला. आमगाववालीचं नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा ओमेश म्हणाला, ती झाली की काका. झाली तर झाली! आमगावच्या दोघी आहेत, हे त्या घाईत कोणाला आठवते? धाकटी रविता विम्यात बसली, मोठी राहून गेली.

या मोठीच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, खाजगीत करायची तिची ऐपत नाही. गुलाबचंद मोठ्या ऐटीत तिला स्वतःच्या गाडीवर विम्याच्या दवाखान्यात घेऊन आला. खिडकीतल्या बाईनं तिचं आधार कार्ड घेतलं अन् मशीनमध्ये पाहून सांगितलं, शामकला नावाची कामगार तुमच्याकडे नाही. शामकला कोण, म्हणून गुलाबचंदनंच इकडेतिकडे पाहिलं. मागे आमगाववाली पोट धरून उभी होती.

मग त्याचा नुसता गोंधळ उडाला. पैसे तर दर महिन्याला भरले, मग गेले कोणाच्या नावानं? त्यानं स्पीकरवर ओमेशला फोन लावला. ओमेशनं धीर दिला, की नाव आत्ता चढवतो, ऑपरेशनचं जमून जाईल. फक्त कामावर लागल्याची तारीख लागेल. आजचीच टाकू, जुनी टाकली तर इतके दिवस नाव का नाही, हे निस्तरत बसावं लागेल. गुलाबचंदला यातलं अर्धंच कळलं. सुटका दिसली तशी त्यानं मान हलवली.

"टाक आजची."

शामकला कधी त्याच्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. तिनं दोन्ही हात पुढे केले. मुरमुरे फोडायच्या तापल्या रेतीनं कोपरापर्यंत जागोजागी पोळलेले, काही डाग जुने, काही ताजे.

"आज लागली का जी मी कामाले?" ती म्हणाली. "मंग हे हात कोनाच्या भट्टीवर भाजले?"

गुलाबचंदला तिच्याकडे पाहवेना. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

"आजची नको," तो फोनवर कसाबसा म्हणाला.

मग कोणती टाकू, असं ओमेशनं विचारलं. ते गुलाबचंदला ठाऊक नव्हतं.