मरीआईच्या ओट्यावरची सुई

त्या साली माझा देवीवर राग होता, हे आधी सांगून टाकते. अंबाजोगाईच्या योगेश्वरीला आमच्या घरात नुसतं आई म्हणतात, आणि लग्न झाल्यापासून मी तिची ओटी भरत आले आहे. पण आदल्या हंगामात ऊसतोडीच्या तळावर गोवर आला आणि माझ्या जाऊबाईंचं तान्हं लेकरू गेलं. सासूबाई म्हणाल्या, "गोवराच्या रूपानं आईच आलती, तिला न्हाई कसं म्हणायचं?" लेकरू नेणारी ही कसली आई, असं माझ्या मनात आलं. जाऊबाईंनी तर देवळात पाऊल टाकणंच सोडलं. मी हात जोडायची, पण केवळ सवयीनं.

त्यात त्या साली पाऊस पडलाच नाही. धारूरच्या डोंगरातल्या आमच्या गावात विहिरींचे तळ दिसू लागले, ज्वारी करपली आणि दिवाळी होताच जवळजवळ अख्खं गाव तोडीला निघालं. या वेळी कर्नाटकातला एक सहकारी कारखाना वाट्याला आला होता. माझी मुलगी आठ महिन्यांची, आणि सासूबाईही मोळ्या बांधायला बरोबर, मग तिला मागं ठेवणार कुणापाशी? गावातल्या आशाताईंनी तोवरच्या सगळ्या लसी वेळेवर करून घेतल्या होत्या. ट्रक सुटताना त्यांनी मला बजावलं, "नऊ महिने भरले की गोवराची सुई राहती बरं का. मुलूख बदलला म्हणून चुकवू नका."

मी हो म्हटलं खरं, पण त्या मुलखात दुकानावरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, गावापासून लांब, उसाच्या फडाला लागून. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, "अगं, इथं आपल्याला कोण वळखतंय? खाडा पडला तर मुकादम बोंबलंल. गावाकडं गेल्यावर बघू." गावाकडं जायला उन्हाळा उजाडणार होता. नऊ महिने भरून गेले, आणि शेजारच्या तळावर गोवर आल्याचं कानावर आलं. मुलीला छातीशी धरून मी आईला रागानंच म्हटलं, "तुला यायचंच असंल तर माझ्यावर ये, हिच्यावर नको. मला काई सुचंना झालंय. आता तूच वाट दाव." इतकं मोकळेपणानं मी तिच्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते.

बाजाराच्या दिवशी दुपारनंतर तोड बंद असायची. गोवराची देवी तापट, तिला थंड करायला दहीभात दाखवतात, ही आमच्याकडची रीत. त्या गावातही मरीआईचं देऊळ असेलच, म्हणून दहीभाताची वाटी फडक्यात बांधली आणि मुलीला कडेवर घेऊन निघाले. वेशीपाशी पाहते तो बायाच बाया, प्रत्येकीच्या कडेवर लेकरू आणि सगळ्या देवळाच्याच वाटेला! मला वाटलं, यांच्याकडंही गोवर आलाय, आणि या देवीला थंड करायला निघाल्यात. मी गुपचूप त्यांच्या मागं चालू लागले. देवळापाशी रांग होती आणि पुढून लेकरांचा आकांत ऐकू येत होता. पदर डोक्यावर घेऊन, वाटी पुढं धरून मी भक्तिभावानं उभी राहिले. एका म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, आणि "बा, बा", म्हणजे ये, ये, म्हणत दंडाला धरून मला थेट पुढं नेलं. ओट्यावर लसींचा निळा डबा, आणि त्याच्या शेजारी सुई भरत बसलेल्या नर्सबाई. मी इतकी गोंधळले, की दहीभात त्यांच्याच पुढं ठेवला. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

नर्सबाईंना मोडकंतोडकं मराठी येत होतं. "जेवण नंतर," त्या हसून म्हणाल्या. "बाळाचे आधीचे झाले?"

"समदे झाले. गोवराची तेवढी राहिली."

"मग हीच ती."

मुलीच्या आधी मीच रडले. त्यांच्या खांद्यावरून गाभाऱ्यातली शेंदूर माखलेली मरीआई दिसत होती, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

आमच्या तळावरची लेकरंही राहिलीत हे नर्सबाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. तळावर येऊन सगळ्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात त्या इथंच येणार आहेत. मुकादमानं माझ्या नवऱ्यालाच झापलं, "का रं, सुया टोचायला तोड बंद ठिवू का?" तेव्हा वर्षभर कुणाशी धड न बोललेल्या जाऊबाई उठल्या आणि हातातला कोयता त्यांनी मुकादमाच्या पुढ्यात ठेवला. "माझं गेलं. आता कुणाचं जाऊ देणार न्हाई. आधी सुई, मग मोळी." एकेक करत सगळ्या बायांनी कोयते ठेवले. मुकादमानं उभ्या उसाकडं पाहिलं, रिकाम्या ट्रॉलीकडं पाहिलं, आणि बाजूला बसून विडी पेटवली. नर्सबाई आल्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या ढिगावर बसल्या, आणि तळावरचं प्रत्येक लेकरू जाऊबाईंनी स्वतःच्या मांडीवर धरलं.

गोवर आमच्या आजूबाजूच्या तळांवर फिरला, पण आमच्या तळावरची सगळी लेकरं धडधाकट राहिली. हंगामाच्या शेवटच्या खेपेला आम्ही ट्रॉली सजवली, गुलाल उधळला, बायासुद्धा नाचल्या.

त्या बाया नेमक्या त्याच दिवशी माझ्यापुढून का गेल्या, ते मला ठाऊक नाही. मी वाट दाव म्हटलं, आणि वाट दिसली. आईवर भार टाकायचा तो असा, आपण चालत राहून, एवढं मला उमगलं.

गावी परतल्यावर ओटी भरायला अंबाजोगाईला गेलो. जाऊबाई आपणहून बरोबर आल्या. माझ्या मुलीला कडेवर घेऊन त्या बराच वेळ देवीपुढं उभ्या राहिल्या. मग मुलीचा दंड त्यांनी पुढं केला, सुई टोचलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाल्या, "आई, औंदा बी तू आलतीस. पर औंदा सुई घिऊन आलतीस."