फळीवरचे खिळे

काल गॅरेजमधला वॉटर हीटर गळला आणि भिजलेल्या, गंजक्या लोखंडाचा वास घरभर पसरला. त्या वासाने मला बारा वर्षांपूर्वीच्या नेवाडातल्या एका ओसाड गावात नेऊन सोडलं.

बाबा तेव्हा पहिल्यांदाच कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आमच्याकडे आले होते. चंद्रपूरच्या कोळसाखाणीत त्यांची तीस वर्षं गेली, पण घरी ते खाणीचा विषय काढत नसत. त्यांना आवडेल म्हणून मी ही ट्रिप प्लॅन केली. तिथल्या खाणीतलं सोनं संपलं तशी माणसं हे गाव सोडून गेली होती.

नुकताच पाऊस पडून गेला होता. मी रिकाम्या दुकानांचे फोटो काढत होते. बाबा खाणीच्या तोंडाजवळच्या खोलीत एका फळीसमोर थांबले. फळीवर नंबर घातलेले, पावसाने भिजलेले गंजके खिळे होते.

"उतरताना आपला बिल्ला इथे लावायचा, वर आलं की काढायचा," ते म्हणाले. "आमच्याकडेही असंच होतं."

"आणि राहिला तर?"

"तर माणूस खालीच आहे. तू पोटात होतीस तेव्हा छत कोसळलं. माझा बिल्ला दोन दिवस तसाच होता. तुझी आई फाटकापाशी बसून राहिली."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी फोन पर्समध्ये ठेवला.

"बाबा, तुमचा नंबर कोणता होता?"

"एकशे सत्तेचाळीस," ते लगेच म्हणाले.

बाबांकडे सांगण्यासारखं काही नसेल, असं मी धरून चालले होते. खरं म्हणजे मी कधी विचारलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर ते बोलत राहिले, आणि मी गाडी मुद्दाम हळू चालवली.