पुलीमागचा पत्रा

चढावर पंख्याचा पट्टा निसटला, म्हणून जुनी जीप गफूर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनाची पुढची पुली ओढून काढली, तेव्हा तिच्या झिजलेल्या खाचेतून पत्र्याचा एक तुकडा खाली पडला. पावडरच्या डब्याचा असावा. त्यावर अर्धा गुलाब अजून दिसत होता.

"हे अण्णांचं काम," मिस्त्री म्हणाले. "पुली बदला म्हणून किती सांगितलं. ऐकतील तर शपथ! खाचेत पत्रा ठोकायचे आणि जायचे."

अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन तीन वर्षं झाली. माणूस जातो, पण त्याने तात्पुरती म्हणून केलेली कामं मागे टिकून राहतात. ती ढिली पुली खडखडतच होती. मी चढावर आलो की त्या आवाजावर आई चहा टाकायची आणि तीन कप भरायची. तिसरा कोणाचा, हे मी कधी विचारलं नाही.

नवी पुली बसली. पत्रा खिशात घालून मी घरी आलो. जीप अगदी गुपचूप दारात उभी राहिली.

आई पायरीवर बसली होती. माझ्याकडे न पाहता, खालच्या वळणावर नजर लावून म्हणाली, "आज ह्यांना उशीर झाला रे."