साहेबाच्या सुट्टीसाठी बेट

मी ग्रीसला कधी गेलो नाही, पण एके काळी तिथल्या एकोणीस बेटांची माहिती मला तोंडपाठ होती. कुठल्या बेटावर गाढवं जास्त आणि कुठल्यावर इंग्रज जास्त, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हे ज्ञान मला दुबईत मिळालं, साठच्या दशकात, एका इंग्रज साहेबाच्या ऑफिसात टाइपरायटर बडवताना.

तेव्हा यूएई हे नाव कुणी ऐकलेलंही नव्हतं. दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठावर आमचं ऑफिस होतं, खाली गोदाम आणि वर साहेब. मी रत्नागिरीकडचा, मॅट्रिक पास, आणि इंग्रजी स्पेलिंगची चूक न करणारा म्हणून साहेबाला प्रिय. प्रिय म्हणजे रजा सोडून बाकी सगळं मिळायचं.

रजेचा नियम असा होता. दोन वर्षांतून एकदा दोन महिने, तीसुद्धा साहेब रजेवर जाईल तेव्हाच. साहेबाच्या जागी बहारीनचा साहेब यायचा आणि येताना स्वतःचा क्लार्क घेऊन यायचा, म्हणून मी मोकळा. त्या वर्षी बहारीनवाला मे आणि जून एवढेच दोन महिने येऊ शकत होता. साहेब त्या दोन महिन्यांत गेला तर मी घरी, नाही तर पुढच्या वर्षी. मागच्या खेपेला मी घरून निघालो तेव्हा बायको पोटुशी होती. मुलगी झाल्याची तार मला देऱ्यात मिळाली. आता ती चालायला, बोलायला लागली होती आणि मी तिला एका फोटोतच पाहिलं होतं, तेही फोटोत ती हलल्यामुळे नाक कुठे आहे ते कळत नव्हतं.

आणि माझं घोडं अडलं ते मेमसाहेबांपाशी. साहेबांना सुट्टी ग्रीसच्या बेटावर घालवायची होती. कुठल्या बेटावर, ते मॅडम ठरवणार होत्या. जानेवारीपासून ठरवत होत्या.

‘रिलॅक्स्ड’ हा शब्द मी त्या तीन महिन्यांत इतक्या वेळा टाइप केला की त्याची अक्षरं यंत्रावर झिजली असतील. मॅडमना रिलॅक्स्ड सुट्टी हवी होती, आणि तिच्यापायी अख्खं ऑफिस घायकुतीला आलं होतं. एकच घर घ्यायचं, तिथे सामान टाकायचं आणि वाटलं तर तिथून शेजारची बेटं बघायची. वाटलं नाही तर नाही. याला त्या ‘बेस’ म्हणत. बेस कसा हवा? चुन्याने रंगवलेला. दारातून समुद्र दिसणारा. वीज नसली तरी चालेल, उलट नसलेलीच बरी. माणसं साधी, गरीब, पण स्वच्छ. इंग्रज एकही नको, मात्र चहा इंग्रजी मिळायला हवा. हे सगळं त्या साहेबाच्या केबिनमध्ये कूलरखाली बसून सांगत. त्यांच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीत खाडी, गलबतं, चुन्याच्या भिंती, दोन गाढवं आणि पुष्कळशी साधी, गरीब माणसं. खिडकीकडे पाठ करून त्या ग्रीसचे फोटो बघत.

अथेन्सच्या एजंटाला पत्रं मी लिहायचो. उत्तर यायला दोन आठवडे लागायचे, तोवर मॅडमचं बेट बदललेलं असायचं. पॅरोसचं पत्र आलं तेव्हा त्यांचं मन हायड्रावर होतं आणि हायड्राचं आलं तेव्हा त्या बेटाचं नावही त्यांना ऐकवत नव्हतं.

याचं खापर मी आमच्या मामूवर फोडायचो. मामू म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा मामा, आमच्याच गावचा, साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. त्याआधी वीस वर्षं बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. ग्रीसची निम्मी बंदरं त्याने बघितली होती. मॅडमना हे कळलं आणि त्या त्याला सल्ला विचारू लागल्या. आता आमच्याकडे नवं ठिकाण जोखायची रीत एकच. मुलगी द्यायची असो की जमीन घ्यायची असो, पहिला प्रश्न, विहिरीला पाणी गोडं की मचूळ? समुद्राकाठच्या माणसाला समुद्राचं कौतुक नसतं, त्याला गोड्या पाण्याचं असतं. मामूने ग्रीसलाही तीच फूटपट्टी लावली.

“हायड्रा? नो मॅडम. वॉटर खलास. पाणी बोटसे आता है, पिंपात भरून. बिलकुल नो गुड.”

झालं. हायड्रा कटाप. मग पुढच्या बेटाला विहीर आहे पण खारी, त्याच्या पुढच्याला टाकीतलं पावसाचं पाणी, त्यात बेडूक. मामू खरं बोलत होता की नाही देव जाणे, पण तो एकेक बेट बुडवत होता आणि त्याबरोबर माझी रजा बुडत होती. एका संध्याकाळी मी त्याला बंगल्यामागे गाठलं.

“मामू, तुमची भाची तिथे वाट बघतेय आणि तुम्ही इथे विहिरी मोजताय? कुठलंही एक बेट ओके करा ना, यल्ला, आटपा!”

“अरे पण जावई,” तो कांदा चिरता चिरता म्हणाला, “बाईमाणूस परक्या मुलखात जाणार. पाणी बघायला नको?”

त्याच्या प्रामाणिकपणापुढे मी हात टेकले.

एप्रिल लागला. एक दिवस साहेबाच्या बंगल्यावर सह्यांचे कागद घेऊन गेलो होतो. मॅडम व्हरांड्यात फोटोंचा पसारा मांडून रडवेल्या बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “तुझ्या गावाला तरी पाणी गोड आहे का रे?” इंग्रजीतच विचारलं, पण सूर हाच.

दोन वर्षांचा उपाशी माणूस मी. मला गाव विचारलं. मी सुटलो. म्हटलं, मॅडम, आमच्या दारातली विहीर अशी की पाण्यात साखर घालायला नको. खाडी दारात. सकाळी मासा पाण्यात, दुपारी ताटात. चुन्याने रंगवलेली मशीद, नारळाची झाडं, वीज नाही, मोटार नाही, इंग्रज तर आजोबांनंतर कुणी पाहिलेला नाही. बोट बाहेर समुद्रात थांबते आणि छोट्या मचव्यातून उतरावं लागतं. बोलता बोलता माझेच डोळे भरून आले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मॅडमनी हातातला फोटो खाली ठेवला आणि आत हाक मारली, “डार्लिंग!”

साहेब बाहेर आला. ऐकून घेतलं. पाइप तोंडातून काढून म्हणाला, “वंडरफुल. हाच बेस. तुझं घर किती खोल्यांचं आहे?”

दोन खोल्या आणि पडवी. आई, बायको, मुलगी, एक शेळी. मी ‘दोन’ एवढंच म्हणालो.

“परफेक्ट. एक आम्हाला पुरे. आणि तू तिथे असशीलच, तर टाइपरायटर घेऊन चल. सकाळी थोडी पत्रं काढू.”

त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र. पडवीत साहेब चड्डीवर बसलाय, माझी बायको डोक्यावरचा पदर सावरत त्याच्या आंघोळीचं पाणी ओढतेय, मुलगी शेळीमागे लपलीय, आणि मी ‘डिअर सर्स’ टाइप करतोय. दोन वर्षांतून एकदा येणारे ते दोन महिने. साहेबाला ‘नाही’ म्हणायची पद्धत आमच्यात नव्हती. नोकरीत ‘नाही’ हा शब्द साहेबाचा, आपला शब्द ‘इन्शाल्ला’. तेव्हा एकच मार्ग उरला होता. साहेबानेच ‘नाही’ म्हणायला हवं.

सकाळी बंगल्यावर गेलो. मामू नाश्ता वाढत होता. मी सुरुवात केली.

“मॅडम, एक दोन गोष्टी काल सांगायच्या राहिल्या. विहीर मेमध्ये आटते. मग तळाचा गाळ, त्यात जंत. छपरात साप असतात, पण ते बहुतेक बिनविषारी. जूनमध्ये पाऊस लागला की बोट बंद. चार महिने.”

“चार महिने?” साहेबाने टोस्ट खाली ठेवला.

“चार, सर. डॉक्टर खाडीपलीकडे. खाडीला पूर आला की होडी बंद. मग आजाऱ्याला पाठीवर मारून डोंगर चढायचा, पाच मैल, तेव्हा सडक. त्यातून माणूस वाचला तर वाचला. नाही तर अल्ला मालिक.”

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मी जंतांचा आकार बोटाने दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हात वर केला. त्याच आठवड्यात कॉर्फूचं पक्कं झालं. तिथे इंग्रज ढिगाने, चहा इंग्रजी, आणि म्हणे क्रिकेटसुद्धा खेळतात. तार मी स्वतः लिहिली आणि पोस्टात पळत नेली. मामू मात्र माझ्याशी बोलेनासा झाला. आपल्या विहिरीत जंत? सबंध गावच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्याने त्याच दिवशी माझं सगळं बोलणं लिहून घरी पत्र टाकलं.

पत्र विमानाने गेलं आणि मी बोटीने, त्यामुळे बंदरावर उतरलो तेव्हा गाव तयारच होतं. मचव्याच्या तांडेलाने बजावलं, “जपून हो, साप चावला तर डॉक्टर नाही आमच्यात.” विहिरीवरच्या बायांनी मला पाहून कळशी पुढे केली, म्हणाल्या, बघा, जंत लागतात का दाताला. मी हसण्यावारी नेलं. रजा मिळाली होती, गावाने चार दिवस थट्टा केली तरी सोसायची तयारी होती. मुलगी पहिले तीन दिवस जवळ आली नाही, चौथ्या दिवशी बिस्किटाला भुलली. तिला नाक होतं, माझ्यासारखंच.

बायको तेवढी काही बोलली नव्हती. एका दुपारी जेवणं झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, मामूच्या पत्राने तूही रागावलीस का?

“नाही,” ती म्हणाली. “मला बरं वाटलं. वाटलं, शेवटी कुणीतरी तुम्हाला कळवलं.”

“काय कळवलं?”

“मागच्या पावसात पोरीला ताप होता. बारा दिवस. होडी बंद होती. डोंगरावरून न्यायला घरात पुरुष माणूस नव्हतं. तुम्हाला लिहिलं नाही. तिथे बसून तुम्ही काय करणार होता? पत्रात होडीचं आणि डोंगराचं वाचलं, तेव्हा वाटलं, यांना समजलंय.”

मला काही समजलेलं नव्हतं. गोऱ्यांना टाळायला मी ते सगळं तोंडाला येईल तसं रंगवलं होतं, आणि तसंच तिला सांगितलं. खोटं बोलायला तोंडच उरलं नव्हतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती, तिच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले.

“मग त्या मॅडमला दुसरी जागा मिळाली ना?” तिने विचारलं.

“मिळाली.”

“चांगली आहे?”

“चांगलीच असणार. तीन महिने बघून निवडली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “निवडायला मिळाली तिला.”