तहकुबीचा अर्धा तास

स्वतःच स्वतःला सभेची नोटीस देऊन, ती मिळाल्याची सहीसुद्धा स्वतःकडूनच घेणारा माणूस अख्ख्या रायपुरात, अख्ख्या छत्तीसगडात, आणि मी तर म्हणते अख्ख्या भारतवर्षात एकच असेल, आणि तो माझ्या नवऱ्याचा सख्खा मामा आहे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. रायपूरच्या बुढापारा भागात इथल्या मराठी मंडळींनी फार पूर्वी काढलेली एक शाळा आहे. आता तिथे सगळं हिंदीत आणि इंग्रजीत चालतं; मराठीचा म्हणून आठवड्यातून तीनदा एक तास तेवढा उरला होता. या शाळेच्या कार्यकारिणीचे मामाजी कार्यवाह. रेल्वेतली नोकरी संपली, केस गेले, गुडघे गेले, पण कार्यवाहपद काही गेलं नाही. दर निवडणुकीत ते राजीनामा खिशात घालून यायचे आणि दर निवडणुकीत तो तसाच खिशातून घरी जायचा. मामी म्हणायची, "तो राजीनामा आता धुण्यात टाकून द्या, शर्टाले डाग पडून राहिले शाईचे."

कार्यकारिणीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. मामाजी त्यावर फक्त सकाळी गणपतीचा फोटो टाकायचे. सभेची नोटीस मात्र हातानं लिहून, जुन्या स्कूटरवरून ब्राह्मणपारा, बुढापारा, समता कॉलनी असं फिरत, घरोघरी. दारात उभं राहून कागद पुढे करायचा, सही घ्यायची, तारीख-वेळ घालायला लावायची, आणि मगच चप्पल काढून आत येऊन चहा प्यायचा. सही होईपर्यंत ते कार्यवाह, चहा येईपर्यंत मामा. एकदा मी नळाखाली भांडी घासत होते, हात राखेनं भरलेले. म्हटलं, "मामाजी, तुम्हीच करा ना माझी सही." असे दचकले बिचारे, की जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगितला! मी हात धुऊन, पुसून सही करीपर्यंत उन्हात उभे राहिले, पण उंबरठा ओलांडला नाही.

भाषेचंही तेच. घरी बोलताना अस्सल नागपुरी. त्यात हिंदी कुठे सुरू झाली नि छत्तीसगढी कुठे, ते देवाला ठाऊक. पण सभेची घंटी वाजवली रे वाजवली, की अंगात वारं यावं तशी पुस्तकी मराठी संचारायची. "सन्माननीय सदस्यांनी कृपया आसनस्थ व्हावे." आणि सन्माननीय सदस्य किती? सात. त्यांतले दोन बाहेरगावी. ते फक्त लेटरहेडवर हजर असायचे. उरलो पाच जण. अध्यक्ष म्हणजे दातांचे एक तरुण डॉक्टर, ज्यांना मराठी पुरती समजायची, पण उत्तर मात्र ते हिंदीतून द्यायचे. एक वकीलसाहेब. एक निवृत्त हेडमास्तरीणबाई. स्वतः मामाजी. आणि मी. मला त्यांनी "घरची एक शिकेल बाई पाहिजे" म्हणून ओढून नेलं होतं.

मामाजींचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे एकमत. प्रोसिडिंगच्या वहीत त्यांच्या अक्षरातला प्रत्येक ठराव एकाच वाक्यानं संपतो: एकमताने मंजूर. बहुमत हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. "हात वर करवले म्हणजे कोणीतरी हरते," म्हणायचे, "आनं हरलेला माणूस मंग शाळेत येत नाही." शाळेचं फाटक रंगवायचं होतं तेव्हा वकीलसाहेब हिरव्यावर अडले, हेडमास्तरीणबाई निळ्यावर. तीन सभा झाल्या. फाटक तोवर गंजून लाल झालं, तर डॉक्टर म्हणाले, "लाल ही रहने दो ना!" शेवटी एक पल्ला हिरवा आणि एक निळा, असा ठराव झाला. एकमताने मंजूर. आजही जाऊन पाहा, तसंच आहे. नवीन लोक विचारतात तेव्हा पोट्टे सांगतात, हे शाळेच्या झेंड्याचे रंग आहेत.

आता हे एकमत व्हायचं कसं, ते ऐका. संस्थेच्या घटनेप्रमाणे गणपूर्तीला पाच जण लागत, म्हणजे आम्ही पाचही. सभा चारला, आणि मी ऑफिसातून सुटून, जयस्तंभ चौकातली गर्दी पार करून पोचणार चार वीसला. म्हणजे प्रत्येक सभेला चारच माणसं. मामाजी घड्याळ पाहायचे, खाकरायचे आणि जाहीर करायचे, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. ती त्याच ठिकाणी पुन्हा भरेल." मी मधेच धापा टाकत पोचले तरी उपयोग नाही. "अर्धा तास म्हंजे अर्धा तास, सूनबाई. बस तिकडं." त्या अर्ध्या तासात मामाजींच्या पिशवीतून पत्र्याचा डबा निघायचा. मामीचा पातळ पोह्यांचा चिवडा. गणपूर्ती झाली तर डबा उघडणार नाही, असा त्यांचा नियम होता, आणि माझ्या कृपेनं तो उघडल्याशिवाय कधी राहिला नाही. मग मामाजी एकेकाच्या खुर्चीजवळ खुर्ची ओढून बसायचे. वकीलसाहेबांच्या सांधेदुखीची चौकशी, हेडमास्तरीणबाईंच्या अमेरिकेतल्या नातवाची, आणि त्याच ओघात हळूच, "मी का म्हंतो, तुमचंबी बरोबर, पन थोडं असं केलं तर?" सभा पुन्हा सुरू होईपर्यंत भांडण चिवड्याबरोबर पोटात गेलेलं असायचं. हे सगळं मला त्या वेळी कळत नव्हतं, बरं का. मी आपली दरवेळी उशिराबद्दल बोलणी खायची आणि ओशाळून दाणे वेचून खायची.

मग ती सभा आली. नोटिशीवर विषय क्रमांक चार: मराठीचा तास बंद करून त्या वेळी संगणकाचा तास घेणे. डॉक्टरांनी मांडलेला. त्यांचा तरी काय दोष? वर्गात सहा मुलं उरली होती. बाई शिकवायला यायच्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. आणि खरं सांगायचं, तर आधीच्या वर्षी त्या वर्गातून नाव काढून घेतलेल्या मुलांमध्ये माझी पोरगीसुद्धा होती. मामाजींनी त्याबद्दल मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मामाजी त्याच वर्गात शिकले, मामीला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच शाळेच्या गणेशोत्सवात. आणि आता तो तास बंद झाल्याचा ठराव त्यांनाच त्यांच्या हातानं लिहावा लागणार होता. नोटीस घेऊन आले त्या दिवशी चहा न पिताच परत गेले. मी ठरवलं, काही झालं तरी या खेपेला वेळेवर जायचं आणि मामाजींच्या बाजूनं उभं राहायचं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चारला दहा कमी असताना खुर्चीत जाऊन बसले. मान ताठ. शाबासकीची वाट पाहत.

मामाजी आत आले आणि मला पाहून जागच्या जागी थबकले. आम्हाला मोजलं. पुन्हा मोजलं. घड्याळाकडे पाहिलं. पिशवीतल्या डब्यावर त्यांचा हात होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला. "गणपूर्ती झाली आहे," ते म्हणाले, आणि आवाज असा, की घरात कोणी गेल्याचं सांगतायत. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर आले होते आणि त्यांचा अर्धा तास मी गिळून बसले होते! कपाळ माझं! पहिले तीन विषय भराभर झाले. "विषय क्रमांक चार," मामाजींनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

मी ताडकन उठले. "अगं बाई! गॅस!"

"क्या हुआ आंटी?" डॉक्टर दचकले.

"घरी गॅस सुरू राहिला बहुतेक. मी आलेच."

आणि पर्स उचलून निघालेसुद्धा. मागून मामाजींची घंटी ऐकू आली, खणखणीत. "गणपूर्ती भंगली आहे! सभा अर्धा तास तहकूब!"

घरी कुठली जाते! मी त्या हिरव्या-निळ्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता डबा उघडेल, मामाजी डॉक्टरांजवळ खुर्ची ओढतील, त्यांच्या आईची चौकशी करतील, आणि मराठीचा तास वाचेल. पण पाच मिनिटांनी पाहते तर काय, मामाजी एकटेच बाहेर आले, व्हरांड्यातून चालत गेले आणि तिसरीच्या वर्गात शिरले. मराठीचा तास तिथेच व्हायचा. खिडकीतून मला ते दिसत होते. लहान पोरांच्या बाकावर बसले, गुडघे छातीशी, हात बाकावर. ना डबा, ना माणूस. मला इतका राग आला! अहो मामाजी, मी इथे ऊन खात उभी आहे, जा ना, बोला ना त्या डॉक्टरांशी! पण आत जायची सोय नव्हती. गेले असते तर गणपूर्ती झाली असती. पंचवीस मिनिटं ते फळ्याकडे पाहत बसले आणि मी त्यांच्याकडे.

अर्ध्या तासानं मी परत आले. मामाजींनी घंटी वाजवली आणि सरळ उभं राहून वाचलं, "मराठीचा तास बंद करण्यात यावा. सूचक, कार्यवाह." म्हणजे ते स्वतः! डॉक्टरांनी मान खाली घातली. "मामाजी, मैं तो… एक साल और देख लेते हैं," ते पुटपुटले. हेडमास्तरीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. मामाजींची बाजू घ्यायची माझी तयारी होती, पण बाजूच उरली नव्हती. "कोणाचा विरोध?" मामाजींनी विचारलं. एकेक मान नकारार्थी हलली. त्यांनी लिहिलं, एकमताने मंजूर, आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकलेच. "काहून केलं असं? मी बाहेर गेले ते कशासाठी गेले होते?"

"मले मालूम आहे," ते स्कूटर पुसत म्हणाले. "पन पोट्टे नाहीत वं त्या वर्गात. नावाले तास ठेवून का करता? बाई एकटी बसून राहते. हे मले कधीचं दिसून राहिलं होतं." मग फडकं डिकीत टाकून म्हणाले, "या खेपेला एक मेंबर लय जिद्दी होता. आयकेच ना. त्याले पटवाले अर्धा तास लागला." आणि डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे, पोरीले दे. आनं गॅस पाहून घे घरी गेल्यावर."

पुढच्या निवडणुकीत खिशातला राजीनामा खरंच बाहेर आला. मामाजी-मामी आता नागपूरला लेकीकडे असतात. कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलं. पोरगी रविवारी फोनवर त्यांच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलते. ते तिच्या चुका सुधारत नाहीत, नुसते हसतात. सभा आता वेळेवर भरतात, वेळेवर संपतात, आणि मला त्या जेवणात मीठ नसल्यासारख्या वाटतात. परवा एक जुना ठराव शोधायला म्हणून मी त्यांची वही उघडली. ते पान निघालं. विषय क्रमांक चार, मंजूर. मी पान उलटणार, तेवढ्यात खाली आणखी एक ओळ दिसली, तेच अक्षर, तीच शाई: "सूनबाईंनी सभेस अर्धा तास मिळवून दिल्याबद्दल त्यांचे आभार मानण्यात आले. एकमताने मंजूर."

मी त्या सभेत होते. असे कोणतेही आभार कोणी मानले नव्हते. स्वतःच्या नोटिशीवर स्वतःची सही घेणाऱ्या माणसाच्या वहीत न झालेला ठराव! मी तिथूनच नागपूरला फोन लावला. "मामाजी, हा आभाराचा ठराव कधी पास झाला?"

पलीकडून आधी मामाजींचं खाकरणं ऐकू आलं.

"तू बाहेर होती ना," ते म्हणाले, "तवा."

तेव्हा त्या वर्गात ते एकटेच बसले होते. एकमत व्हायला अडचण ती कसली!