जावयाच्या हातातला नारळ

सासुरवाडीच्या जत्रेत, कुस्त्यांच्या भर फडात, माझ्यापुढून चाललेला नारळ मी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवून ऐसपैस बसलो. माझी चूक म्हणाल तर एवढीच. पुढचं सगळं इतरांनी केलं.

पण ती चूक समजायची तर आधी माझं कुस्तीचं ज्ञान समजून घ्यायला हवं, आणि ते खुद्द मलाच अजून नीटसं समजलेलं नाही.

तुळजापुरात माझं कापडाचं दुकान होतं. राज्य निजामाचं, आणि दूर कुठंतरी मोठी लढाई पेटलेली. त्या लढाईचा आम्हाला काय तो संबंध एवढाच, की कापड मिळेनासं झालं होतं. तालमीत मी आयुष्यात एकदाच पाऊल टाकलं, तेही वळवाच्या सरीत आडोसा दिसेना म्हणून. आतल्या वस्तादानं मला खालून वर एकदा न्याहाळलं आणि म्हणाला, "शेटजी, पाऊस उघडला की निघा." असं असूनही कुस्तीचा नाद मात्र दांडगा. पाडवा झाला की गावोगावच्या जत्रा सुरू होत आणि जत्रेबरोबर कुस्त्यांचा हंगाम. त्याआधी पैलवान मंडळी देवीच्या पाया पडायला तुळजापुरात येत आणि जाताना माझ्याकडून सदऱ्याला, लंगोटाला मांजरपाट नेत. एकेकाला कापड फाडून देता देता मी त्या सालचा सगळा हंगाम मनात लढवून मोकळा व्हायचो.

माझी रीत साधी होती. लोक पैलवानाची मान बघतात, मांडी बघतात. मी कापड बघायचो. गेल्या सालापेक्षा सदऱ्याला जास्त लागलं, तर गडी भरला. कमी लागलं, तर गडी खंगला. गज खोटं बोलत नाही, असं मी गिऱ्हाइकाला ऐकवायचो. गेल्या हंगामात या रीतीनं काढलेला माझा एकही अंदाज खरा ठरला नव्हता हे कबूल. पण त्याला कारणं होती. एका कुस्तीत ऊन डोळ्यांवर होतं, एका ठिकाणी पंच घाईचे निघाले, आणि एक पैलवान तर केवळ मला खोटं पाडायचं म्हणून जिंकला.

त्या साली मी दुकानाच्या पायरीवर बसून हंगामाचा निकाल आधीच लावून टाकला. परंड्याकडचा थोरला पैलवान संपला. त्याच्या सदऱ्याला यंदा हातभर कापड कमी लागलं, पहिल्याच जत्रेत आभाळ बघणार. जळकोटकडचे दोघे भाऊ, ते तर सदऱ्यावरून बंडीवर आलेले, त्यांनी आता मेंढरं राखावीत. मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली, कुस्तीच एकंदरीत आटत चालली, असं माझं ठाम मत झालं होतं. उरला एकच. कानडी मुलखातला एक तरणा गडी. तो स्वतः आला नव्हता, त्याचा चुलता आला होता. "पैलवानाला सदरा शिवायचाय. आहे तेवढं सगळं द्या," म्हणाला. मी ठाणच्या ठाण उलगडलं आणि अंगावर काटा आला. एवढं कापड ज्याच्या छातीला लागतं, त्याची पाठ या हंगामात माती बघणार नाही!

आता, टंचाईमुळं ठाण पुरावं म्हणून प्रत्येकाच्या मापातून हातभर कापड मीच कमी फाडत होतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. दोन्ही कामं माझीच. फाडणारा मी आणि हळहळणाराही मी.

त्याच सुमाराला सासऱ्यांचा सांगावा आला. सासुरवाडी जळकोटाच्या पलीकडं, आडवाटेवर, निम्मं घर मराठी बोलायचं आणि निम्मं कानडी. तिथल्या वीरभद्राची जत्रा हंगामातली पहिली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी त्या जत्रेला गेलो नव्हतो. यंदा जाणं भाग होतं, कारण माझा धाकटा मेहुणा फडात उतरणार होता आणि सरहद्दीपलीकडच्या, सोलापूरकडच्या तालमीचा वस्ताद पोरं हेरायला येणार होता. त्याचा नेम ठरलेला. पहिल्या जत्रेत ज्याची पाठ टेकली, त्या पोराकडं तो त्या साली ढुंकून बघत नसे. मेहुण्याला त्या तालमीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. नाही जमलं तर यंदाही बापाची जनावरं आणि विहिरीवरची मोट होतीच.

मी पोचलो त्या रात्री जेवताना त्यानं हळूच विचारलं, "दाजी, यंदा कसं काय दिसतंय?"

मी हात न धुताच सगळा हंगाम सांगितला. शेवटी बजावलं, "त्या कानड्याला मात्र हात लावू नकोस. त्याचं कापड मी मोजलंय."

"न्हाय लावत," तो म्हणाला. "बानं माज्या जोडीचा गडी ठरवलाय. तेवढी मारतो आन् गप बसतो."

दाराआड बांगड्या वाजल्या. सासूबाई. जावयासमोर त्या कधी बोलत नसत, पदराआडून ऐकत मात्र सगळं. तीन वर्षांत त्यांचा आवाज माझ्या कानांवर आला नव्हता, फक्त भाकरी ताटात येऊन पडायची.

सकाळी माझी मिरवणूकच निघाली. जावई पहिल्यांदा जत्रेला आला म्हणून वेशीत नारळ, देवळात नारळ, पाटलांच्या ओट्यावर नारळ आणि वर टोपी. जो भेटेल तो नारळ हातात देत होता आणि मी कपाळाला लावून सासऱ्यांच्या गड्याकडं सोपवत होतो. दुपारपर्यंत माझे हात आपोआप पुढं व्हायला लागले. कुणी तंबाखूची चंची पुढं केली असती तरी मी ती कपाळाला लावली असती.

फड गच्च भरला होता. हलगी कडाडत होती. मला पुढं, पंचांच्या शेजारी घोंगडीवर बसवलं होतं. पलीकडं खुर्चीवर निजामाचे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार, पान चघळत बसलेले, आणि त्यांच्या बाजूला तो वस्ताद, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर काहीच नाही. मेहुण्याची कुस्ती लागली आणि मी काही मत देईपर्यंत सुटलीही. त्यानं समोरच्याचा पट काढला, म्हणजे खाली वाकून पायच ओढला, आणि गड्याला पाठीवर पाडला. वस्तादानं मान हलवली. एकदाच, पण हलवली. सासऱ्यांनी पोराच्या अंगावर घोंगडी टाकली. आता फड मोडला की वस्ताद शब्द देणार, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात एक पंच नारळ घेऊन फडाभोवती फिरू लागला. नारळाला गुलाबी पटका गुंडाळलेला. तो लोकांकडं बघत, काहीतरी कानडीत पुकारत फिरत होता. लोक नारळाकडं बघून मान खाली घालत होते. मला त्यांच्या विनयाचं कौतुक वाटलं. आमच्या तुळजापुराकडं सगळ्याच जोड्या आधी वस्ताद लोक ठरवतात, आणि फडात नारळ फिरतो तो मानकऱ्यांसाठी. त्यात हा पटक्याचा नारळ. म्हणजे जावई तर झालाच, पण जाणकार म्हणूनही गावानं आपल्याला ओळखलं, असं माझ्या मनात आलं. पंच माझ्यासमोरून जातच होता. मीच हात पुढं केले.

हलगी थांबली.

मी नारळ कपाळाला लावला. समोरचे लोक उठून उभे राहिले. मीही नमस्कार केला.

"क्या जी," अमीनसाहेब पान गालात सारून म्हणाले, "जमाई लडते क्या?"

सासरे माझ्या कानाशी आले. "पाव्हणं, ह्यो शेवटच्या कुस्तीचा नारळ. जो घेतो त्यो लढतो. आता ठिवता येत न्हाय."

"कुणाशी लढतो?" मी विचारलं. खरं तर मला विचारायचं होतं, कोण लढतो.

त्यांनी बोट दाखवलं. फडाच्या मधोमध तो कानडी पैलवान दंड थोपटत उभा होता, मागं कापड नेणारा त्याचा चुलता. मी बघतच राहिलो. हाच का तो? चांगला गडी होता, पण माणसाएवढाच होता. माझं ठाण कुठं गेलं?

तिथला रिवाज असा, की घेतलेला नारळ परत दिला तर त्या घरानं पुन्हा फडात मान खाली घालून बसायचं. आणि जावयाला मातीत लोळवायचं, तर तेही घरालाच लाजिरवाणं. सासऱ्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं, मग मुलाकडं. मेहुण्यानं घोंगडी काढली.

"दाजी," लंगोट आवळत तो म्हणाला, "काल रातीला तुमीच सांगितलं न्हवं, त्याला हात लावू नगंस म्हणून?"

मी नारळ पुन्हा कपाळाला लावला. वस्तादाचा चेहरा पुन्हा कोरा झाला होता.

कुस्ती लागली आणि थोड्याच वेळात मला काही म्हणता काही कळेना. दोघांच्या अंगाला तीच तांबडी माती, दोघांचे लंगोट एकाच मांजरपाटाचे, तोही माझ्याच दुकानातला. एक खाली, एक वर. कोणता पाय कुणाचा? लोक "हिडी, हिडी" ओरडत होते, म्हणजे धर, धर. पण कुणी कुणाला धरायचं? मला वाटलं वरचा आपला. मी गुडघ्यावर उभा राहून ओरडलो, "दाब! तसाच दाब! उठू देऊ नकोस!" शेजारच्या पंचानं माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहिलं. मी आणखी जोरात ओरडलो.

मग खालच्यानं एकदम कूस बदलली, वरच्याच्या काखेत हात घातला आणि गिरकी घेऊन त्याला असा फेकला, की धुळीत क्षणभर कुणीच दिसेना. धूळ बसली तेव्हा एक जण पाठीवर होता आणि त्याच्या छातीवर दुसरा. सगळा फड आरोळ्या ठोकत आत घुसला. लोकांनी वरच्याला खांद्यावर घेतलं. पोराचं साल गेलं, आणि ते घालवलं मी. सासऱ्यांचा हात धरून मी म्हणालो, "असू द्या मामा. पुढच्या सालाला बघू."

सासरे डोक्यावरचा पटका उडवायच्या बेतात होते. त्यांनी हात तसाच धरून ठेवला आणि विचारलं, "पुढच्या सालाला काय बघायचं?"

खांद्यावरून मेहुणा हसत मला हात करत होता.

नंतर तो कानडी पैलवान स्वतः येऊन मेहुण्याला भेटला, सासऱ्यांच्या पाया पडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "शेटजी, कापड फार बेस होतं तुमचं. माझ्या सदऱ्यातनं उरलं, त्यात चुलत्याचं, तिघा भावांचं, सगळ्यांचं झालं." मी त्याला बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फड पांगल्यावर वस्ताद मेहुण्याजवळ आला. "वरून एवढं वजन पडलं तरी दम धरलास. कशानं रं?"

मेहुणा घुटमळला. "दाजी त्याच्या बाजूनं वरडत होते. राग आला."

वस्तादानं पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. मग म्हणाला, "उद्या चल. पण पाऊस लागेपर्यंत बघीन. टिकलास तर ठेवीन, न्हाय तर परत पाठवीन."

संध्याकाळी घरात पुरण शिजलं. मेहुण्याचं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. सासरे, मेहुणा आणि मी एका ओळीत जेवायला बसलो. सकाळपासूनचे नारळ कोपऱ्यात रचून ठेवले होते, गुलाबी पटक्याचा सगळ्यांत वर. मी खाली मान घालून जेवत होतो. दुपारी नेमकं काय झालं, हे मी मनात परत परत लावून बघत होतो आणि दर वेळी खाली-वर कोण यापाशीच अडकत होतो.

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "दाजी," तो म्हणाला, "खरं सांगा. तिथं लई मोठमोठे गडी असत्यात. माजा निभाव लागंल का वो?"

मी ताटातून मान वर केली. कुणीतरी पुन्हा मत विचारलं याचा आनंद लपवत मी घसा साफ केला. पोराच्या मानेकडं बघितलं, खांद्यांकडं बघितलं, मनातल्या मनात त्याच्या सदऱ्याचं कापडही मोजलं, आणि तोंड उघडलं.

दाराआडून बांगड्या खणखणल्या. तीन वर्षांत जो आवाज ऐकला नव्हता तो, पदर सारून, थेट माझ्या नावानं आला.

"जावईबापू, न्हाय लागणार म्हणा. तेवढं माज्या लेकरासाठी करा."