रजा, लांडगीण आणि गयामावशीचा टायगर

संस्थेच्या वेबसाइटवर इंटर्नशिपसाठी वयाची अट लिहिलेली नव्हती. ती टाकायची राहून गेली होती, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. अर्ज माझ्या मुलीने भरला होता. लांडग्यांवर काम करणारी छोटीशी संस्था, परभणी जिल्ह्यातलं एक खेडं, जानेवारीची थंडी, सगळं तिला फार आवडलं होतं. निवडही झाली आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची बंगळुरूला एका कंपनीत वर्णी लागली. आता त्या लोकांना नाही कसं कळवायचं म्हणून मी दोन दिवस तिच्या मागे लागले, तर म्हणाली, "एवढं वाटतंय तर तूच जा." ती हे चिडून म्हणाली होती. माझी रजा वाया चालली होती, म्हणून मी गेले.

मी नाशिकला एका विमा कंपनीत दावे तपासते. म्हणजे लोक खरं बोलतायत की नाही, हे बघायचा पगार घेते. घरच्यांचं म्हणणं, हा स्वभाव मला नोकरीच्या आधीपासूनच होता.

नाशिक रोडहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी पूर्णेला उतरता येतं. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आसपास बसतं. जाणार असाल तर खिडकीची जागा मागू नका. जानेवारीत जालन्याच्या पुढे त्या फटीतून जे येतं त्याला वारा म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. पूर्णा जंक्शन आहे, त्यामुळे स्टेशनबाहेर चहा आणि गरम भजी सकाळी सकाळी मिळतात. मी दोन प्लेट खाल्ल्या, कारण पुढे काय मिळेल याची खात्री नव्हती.

संस्थेचा अभिजित जीप घेऊन आला होता. तिशीचा, हडकुळा, मोजकं बोलणारा. तो बराच वेळ माझ्या मागे कोणी मुलगी दिसते का ते बघत होता. मी नाव सांगितलं. मला ताई म्हणावं की काकू, याचा त्याने विचार केला आणि शेवटी मॅडमवर आला. संस्थेत आणखी कोण कोण आहे, असं मी विचारलं. म्हणाला, "एक सर आहेत, ते देणग्या मागायला पुण्याला असतात. आणि ही जीप."

पूर्णेहून ताडकळसचा रस्ता तसा बरा आहे. पण हा ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे एकदा सापडलात की घड्याळाकडे बघू नये. जीप नसेल तर एसटी आहे. ताडकळसला उतरून पुढे आत जायला शेअर रिक्षा मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली म्हणजे काय, हे रिक्षावालाच ठरवतो.

गावात लॉज वगैरे काही नाही. पाहुण्यांची सोय गयामावशीकडे. मावशी साठीच्या पुढच्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता थोडी कोरडवाहू जमीन आणि पाच-सहा शेरडं सांभाळतात. जेवणासकट रोजचे तीनशे रुपये. गरम भाकरी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची म्हणजे येसराची आमटी, वर शेंगदाण्याची चटणी. नाशकात एवढ्या पैशात नुसतं मेन्यूकार्ड मिळतं.

"तुमी बी लांडगंच बघायला आलाव का?" मावशींनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"हो."

"दिसलं तर धोंडा घाला त्याच्या टाळक्यात. दोन दिसामागं शेजारच्या दत्ताचं करडू नेलंय मेल्यानं."

त्यांच्या पायाशी एक पिवळट कुत्रा लोळत होता. गळ्यात जुन्या साडीच्या लाल काठाचा पट्टा, नाव टायगर. मुक्कामभर मला दिसलेला हा एवढाच टायगर.

प्रकरण असं होतं. गावाबाहेर गायरान आहे, त्याच्या कडेने ओढा जातो आणि ओढ्याच्या दरडीत एका लांडगिणीने बीळ केलं होतं. आत पिल्लं होती. दत्ताचं करडू गेल्यावर गावच्या पोरांनी ठरवलं, बिळाच्या तोंडाशी तुराट्या पेटवायच्या आणि आतलं सगळं धुरात कोंडून मारायचं. अभिजितने हातापाया पडून आठवडी बाजारापर्यंतची मुदत मागून घेतली होती. ओढ्याच्या वाटेवर एका बाभळीला त्याने कॅमेरा बांधलेला होता. समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. त्यातलं कार्ड महिन्यातून एकदाच निघतं, ते बाजारानंतर काढून गावासमोर उघडू, करडू लांडगिणीनेच नेलं असेल तर मी मधे येणार नाही, असं तो बोलून बसला होता.

"आणि खरंच तिनेच नेलं असेल तर?" मी विचारलं.

"तर मग अवघड आहे, मॅडम," तो म्हणाला. त्याचे ओठ थंडीने फुटले होते, तो धड झोपलेलाही दिसत नव्हता.

माझं काम सोपं होतं. सकाळी गायरानातल्या वाटांनी चालायचं, लांडग्याची विष्ठा दिसली की कागदी पाकिटात भरायची, वर तारीख आणि जागा लिहायची. विष्ठेतले केस आणि हाडांचे तुकडे बघून लांडग्याने काय खाल्लं ते समजतं. एम.कॉम.ला हे नव्हतं, पण जमलं. गोळा केलेला माल मावशींच्या पत्र्यावर वाळत घालायचा. तिसऱ्या दिवशी खालून आवाज आला, "ताई, तुमचा तो गू उचला बरं. मला तूर वाळू घालायची हाय."

टायगर रोज माझ्यासोबत यायचा. ऊन वर आलं की कुठेतरी निघून जायचा आणि दुपारी येऊन अंगणात आडवा व्हायचा. मला वाटायचं, दमला बिचारा.

लांडगीण मला एकदाच दिसली. तुरीच्या कापलेल्या रानातून ती तिरकी चालत गेली, थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या कामाला निघून गेली. मी जागच्या जागी उभी राहिले. खरं सांगते, भीती वाटली नाही, रडू आलं. का ते विचारू नका. एरवी हुरडा खाल्ला, काळविटांचा कळप पाहिला, ताडकळसच्या बाजारातून मुलीसाठी घोंगडी घेतली. ती बंगळुरूला वापरणार नाही, हे ठाऊक असून घेतली.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड काढायला आम्ही ओढ्यावर गेलो. अभिजितने कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि तो बॅटऱ्या बदलायला लागला. कार्ड गावातच उघडायचं, असा संस्थेचा नियम. माझ्या पिशवीत माझा कॅमेरा होता. माझा स्वभाव मी वर सांगितलाच आहे. कार्ड त्यात घातलं आणि बटण दाबत गेले.

भर दुपारचा फोटो, अगदी स्वच्छ. दत्ताचं करडू, तोंडात धरलेलं. ज्याच्या तोंडात होतं त्याच्या गळ्यात लाल काठाचा पट्टा होता.

मी अभिजितला दाखवलं. तो मटकन खालीच बसला. लांडगीण सुटली म्हणून त्याला हसू येत होतं आणि मावशींचं काय होणार म्हणून ते गिळावंही लागत होतं.

"हा एक फोटो वगळला तर?" मी म्हटलं. "लांडगिणीकडे करडू नाही, एवढंच दाखवू."

"एक लपवला की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार, मॅडम? उद्या आमचं कार्ड कोणी बघणारच नाही."

हे वाक्य मी ऑफिसात लोकांना रोज ऐकवते. मला कोणी ऐकवलं नव्हतं.

संध्याकाळी पारावर निम्मा गाव जमला. लॅपटॉप मारुतीच्या ओट्यावर ठेवला. सुरुवातीला नुसतं गवत, शेळ्यांचे पाय आणि पहाटे डबा घेऊन निघालेली गावातली तीन-चार प्रतिष्ठित मंडळी. अभिजित ते फोटो भराभर पुढे ढकलत होता. "मागं घ्या, मागं घ्या! ते आमचे सरपंच व्हते!" कोणीतरी ओरडलं. हसून हसून लोकांची वाट लागली. मग लांडगीण आली. तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं, मागे आणखी तीन धडपडतायत.

"अगं माय!" मावशी पुढे सरकल्या. "केवढुसे हायेत."

आणि मग टायगर आला.

मावशींनी पडद्याकडे पाहिलं, पायाशी बसलेल्या टायगरकडे पाहिलं. त्याने शेपूट हलवली.

"मावशे," दत्ता हळूच म्हणाला, "हे तर तुझं कुत्रं."

"दिसायलंय मला."

"त्याला एकदा चव लागली की ते ऱ्हात न्हाई," मागून एक जण म्हणाला. "पोत्यात घालून लांब सोडून या, न्हाई तर गोळी घाला."

मावशी उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता. "माझं कुत्रं हाय. मी बघते. आन तुमच्या तुराट्या चुलीला वापरा आता."

सकाळी उठले तेव्हा टायगर साखळीला होता आणि मावशींच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं करडू दत्ताच्या दारात. दत्ता नको नको म्हणत होता. मावशी म्हणाल्या, "गुमान घे." मला फार वाईट वाटलं. तो फोटो आधी मी पाहिला होता आणि पारावर जाण्याआधी त्यांच्या हातचा चहा पिताना त्यांना सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. निघताना तेवढं बोलले. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर काय त्यानं करडू परत दिलं असतं व्हय?" आणि चटणीची पुडी पिशवीत कोंबली.

नाशकात परतून दोन आठवडे झाले असतील, तेव्हाची गोष्ट. पुढचं सगळं त्याच वेळी लिहायला हवं होतं, पण थांबले. गेल्या आठवड्यात नवं कार्ड पारावर उघडलं, गावाला सगळं दिसलं, त्यामुळे आता हरकत नाही.

मावशींचा फोन आला होता, दुपारच्या वेळी. मी एका जळालेल्या गोदामाचा दावा तपासत होते.

"ताई, लांडगीण आली व्हती. माझी कबरी शेळी नेली."

मी खुर्चीतून उठलेच. "तुम्ही पाहिलंत?"

"माझ्या डोळ्यादेखत नेली की. लय वरडले, धोंडे मारले. कुटली सोडतीय." त्यांचा आवाज भरून आला होता. कबरी दुभती होती. तिच्याच दुधाचा चहा मी रोज प्यायले होते.

"गावात कळलं? मग आता बिळाचं..."

"गावाला सांगितलं, टायगरनं खाल्ली."

"अहो, पण तो साखळीला आहे ना?"

"राती मोकळा सोडते म्हणलं."

"मावशी, तुम्हीच म्हणत होता, टाळक्यात धोंडा घाला."

"म्हणत व्हते. पण ती लेकुरवाळी हाय, ताई. पिल्लं अजून धड चालंनात. अभिजित म्हणतोय, कार्ड महिन्यानंच निघतंय, नियम हाय. तवर ती पळायला लागतील. मंग दिसू दे गावाला काय दिसायचं ते."

समोर गोदामाचे फोटो पडले होते. माझ्या हातून आजवर एकही खोटा दावा सुटलेला नाही. हा तर साफ खोटा होता, आणि दावा करणारी स्वतःच सांगत होती. डोळे पुसले आणि बरं म्हटलं.

मग आठवण झाली म्हणून विचारलं, "आणि टायगर? लोक त्याला काही करणार तर नाहीत?"

"मी हाय की राखणीला. त्याचं नाव आधीच गेलेलं हाय," मावशी म्हणाल्या. "आणिक एका शेळीनं त्याचं काय जातंय?"